उजवी खुर्ची रिकामी : लांब पल्ल्याच्या पहिल्या एकट्या उड्डाणाची तयारी

विमान चालवायला शिकणाऱ्याच्या वहीत एकट्याने केलेली दोन उड्डाणे कायमची लक्षात राहतात. पहिले उड्डाण धावपट्टीभोवतीच्या एका फेरीचे असते. ते काही मिनिटांत संपते आणि त्यात हातांना इतके काम असते की घाबरायलाही सवड मिळत नाही. दुसरे उड्डाण लांब पल्ल्याचे असते. तेथे विमान समतल करून इंजिनाची शक्ती बेतली की पुढचा अर्धा-पाऊण तास सवडच सवड असते, आणि उजव्या खुर्चीत इन्स्ट्रक्टर नसल्यामुळे त्या सवडीत तुमच्याशी बोलणारे तुमचेच मन असते. या उड्डाणातून स्वतःची ओळख होते असे जे म्हटले जाते, त्याचा माझ्या मते एवढाच अर्थ आहे, की जमिनीवर शांतपणे ठरवलेल्या गोष्टींपैकी हवेत तुम्ही किती पाळता आणि किती मोडता हे तुम्हाला कळते. म्हणून ठरवायचे ते आधी कागदावर लिहून ठेवावे लागते. या लेखातील सगळ्या पायऱ्यांमागे हेच सूत्र आहे.

नियम थोडक्यात असे आहेत. खासगी वैमानिक परवान्यासाठी एकट्याने एक उड्डाण किमान १५० नॉटिकल मैलांचे करावे लागते. व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, नागरी विमान वाहतुकीच्या डीजीसीए या नियामक संस्थेला एकूण २०० तासांचा अनुभव लागतो आणि त्यात किमान ३०० नॉटिकल मैलांचे एक क्रॉस-कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचे, उड्डाण असावे लागते. दोन्ही प्रकारांत वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून विमान पूर्ण थांबवावे लागते. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा ३०० मैल म्हणजे साडेपाचशे किलोमीटरांहून थोडे अधिक.

पुढे उदाहरणासाठी मी बारामतीहून लातूर, तेथून छत्रपती संभाजीनगर आणि परत बारामती असा त्रिकोण घेतला आहे. नकाशावर मोजल्यास हे टप्पे अनुक्रमे सुमारे १०७, १०६ आणि १०८ मैल भरतात, म्हणजे एकूण ३२१. हा मार्ग अभ्यासापुरता आहे. प्रत्यक्षात तुमच्या प्रशिक्षण संस्थेने मंजूर केलेला आणि त्या दिवशीच्या नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनांमध्ये, मोकळा असलेला मार्गच घ्यायचा असतो. तिसऱ्या टप्प्याच्या पश्चिमेला अहिल्यानगरजवळ लष्कराचे गोळीबार सराव क्षेत्र आहे, त्यामुळे प्रतिबंधित क्षेत्रांच्या सीमा आणि उंची चार्टवर लाल पेन्सिलीने ठळक केल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

पहिली पायरी : रेघ, घड्याळ आणि खुणा

चार्टवर तिन्ही रेघा ओढून कोन मोजा. बारामती ते लातूर जवळजवळ सरळ पूर्व, सुमारे ०८४ अंश. लातूर ते संभाजीनगर ३२५ अंश. आणि तेथून बारामती २०५ अंश. महाराष्ट्रात चुंबकीय विचलन शून्याच्या आसपास असल्याने येथे बेरीज-वजाबाकी फारशी करावी लागत नाही, परंतु होकायंत्राची स्वतःची चूक दाखवणारे कार्ड प्रत्येक विमानात वेगळे असते आणि ते वाचायला नवखे हमखास विसरतात. दृश्य नियमांच्या, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहत करायच्या, उड्डाणात ००० ते १७९ अंशांकडे जाताना विषम हजार अधिक ५०० फूट आणि उरलेल्या दिशांना सम हजार अधिक ५०० फूट अशी उंची घेतात. म्हणून पहिल्या टप्प्यासाठी ५,५०० फूट आणि पुढच्या दोन्ही टप्प्यांसाठी ४,५०० किंवा ६,५०० फूट. ट्रान्झिशन उंचीच्या, म्हणजे जिच्या वर सगळ्यांनी एकच प्रमाण दाब वापरायचा असतो त्या उंचीच्या, वर गेल्यावर उंचीमापक १०१३ हेक्टोपास्कलवर लावावा लागतो. हे नॅव्हलॉगच्या, म्हणजे उड्डाणाच्या तक्त्याच्या, त्या ओळीतच लिहून ठेवा, कारण हवेत ते आठवेलच याचा भरवसा नसतो.

आता खुणा. जमिनीवर जिचे नाव मोठे ती खूण वरून चांगली दिसतेच असे नाही. नदी, लोहमार्ग, मोठा रस्ता आणि मोठे पाणी या चार गोष्टी बहुधा फसवत नाहीत. भूवेग, म्हणजे जमिनीच्या संदर्भातला वेग, १०० नॉट (ताशी १०० नॉटिकल मैल) धरला तर बारामतीहून निघाल्यावर नवव्या मिनिटाच्या सुमारास उजनीचे पाणी ओलांडले जाते. विसाव्या मिनिटाला करमाळा डाव्या हाताला सुमारे सात मैलांवर असावे आणि अडतिसाव्या मिनिटाला बार्शी उजवीकडे. चव्वेचाळिसाव्या मिनिटाच्या आसपास येरमाळ्याजवळ सोलापूर-धुळे महामार्ग आडवा जातो. दुसऱ्या टप्प्यात एक्केचाळिसाव्या मिनिटाला शहागडजवळ गोदावरी लागते आणि तोच महामार्ग तेथे नदी ओलांडतो, म्हणजे एका जागी दोन साक्षीदार मिळतात. तिसऱ्या टप्प्यात पंधराव्या मिनिटाला नाथसागर आणि छपन्नाव्या मिनिटाला सिद्धटेकजवळ भीमा. चढाईत वेग कमी असतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला दोन-तीन मिनिटे वाढवून धरावीत.

पाण्याच्या खुणेबद्दल एक इशारा मराठवाड्यापुरता वेगळा द्यायला हवा. चार्टवर निळा दिसणारा तलाव एप्रिल-मे महिन्यांत जमिनीच्याच रंगाचा झालेला असू शकतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षी त्या धरणावर भिस्त ठेवणाऱ्या शिकाऊ वैमानिकाने काय शोधले असते? उन्हाळ्यात पाण्यापेक्षा धरणाच्या भिंतीची सरळ रेघ शोधावी. उलट ऊस गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याची चिमणी फार उपयोगी पडते. ती दुरून दिसते आणि तिचा धूर कोणत्या दिशेला झुकला आहे यावरून जमिनीलगतचा वारा फुकटात कळतो.

दुसरी पायरी : इंधनाचे गणित, आणि ते कोठे फसते

येथे सावकाश वाचावे, कारण नवख्यांची सगळ्यात घातक चूक गणिताची नसून गणित अर्ध्यावर सोडण्याची असते. ३२१ मैल, १०० नॉट, म्हणजे हवेत सुमारे ३ तास १३ मिनिटे. सेसना १५२ च्या साध्या टाक्यांत वापरता येण्याजोगे इंधन सुमारे ९३ लिटर असते आणि खप ताशी साधारण २३ लिटर. तेव्हा प्रवासाला ७४ लिटर, तीन वेळा इंजिन तापवणे, टॅक्सी आणि चढाई यांसाठी आणखी पाच-सहा लिटर धरले तर खर्च ८० लिटर. उरले १३ लिटर, म्हणजे जेमतेम अर्धा तास. कागदावर विमान घरी पोहोचते.

पण हे गणित वारा नसलेल्या दिवसाचे आहे. समोरून १५ नॉट वारा असेल तर भूवेग ८५ होतो आणि १०८ मैलांच्या एकाच टप्प्याला ६५ ऐवजी ७६ मिनिटे लागतात. त्यात बारामतीला उतरण्यासाठी काही कारणाने हवेतच थांबावे लागले किंवा दुसरीकडे वळावे लागले, तर तो अर्धा तास केव्हाच संपलेला असतो. म्हणून अशा विमानाने हा त्रिकोण करायचा असेल तर मधल्या थांब्यावर इंधन घेण्याची सोय आधी पक्की झालेली असली पाहिजे, आणि एव्हगॅस, म्हणजे लहान विमानांचे पेट्रोल, प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. सेसना १७२ एस या विमानात वापरता येण्याजोगे इंधन सुमारे २०० लिटर असल्याने तेथे श्वास घ्यायला जागा असते, मात्र त्याचा खपही ताशी ३०-३५ लिटरांच्या घरात जातो.

नॅव्हलॉगच्या तळाशी एक आकडा मोठ्या अक्षरांत लिहा : प्रत्येक थांब्यावरून निघताना टाकीत किमान किती लिटर असलेच पाहिजेत. तो आकडा डिपस्टिकने, म्हणजे टाकीत बुडवायच्या मोजपट्टीने, मोजलेल्या इंधनाशी ताडायचा, कारण डॅशबोर्डवरचे इंधनाचे काटे भरवशाचे नसतात. डिपस्टिकवर त्याहून कमी दिसले तर निघायचे नाही. तेथे विचार करायचा नसतो, विचार आदल्या रात्री करून झालेला असतो.

तिसरी पायरी : हवामान आणि निघण्याची वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे या उड्डाणासाठी सर्वांत सुखाचे महिने. त्यांची एकच खोड असते, ती म्हणजे सकाळचे धुके आणि धुरकट थर. दृश्य नियमांसाठी लागणारी पाच किलोमीटर दृश्यमानता सूर्य वर येईपर्यंत मिळतेच असे नाही. उन्हाळ्यात अकरानंतर जमीन तापून विमान उसळू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग मराठवाड्यावर बघता बघता उभे राहतात. त्या ढगांच्या जवळपासही लहान विमानाने जाऊ नये.

उष्णतेचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. संभाजीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच आहे. तेथे तापमान ४० अंश असेल, तर प्रमाण तापमानापेक्षा ते जवळपास २९ अंश जास्त झाले. प्रत्येक जादा अंशाला १२० फूट या ठोकताळ्याने हिशेब केला तर विमानाला ती जागा सुमारे ५,४०० फुटांवर असल्यासारखी वाटते. धावपट्टीवरची धाव लांबते आणि चढाई मंदावते. तेथील धावपट्टी लहान विमानाला भरपूर लांब असल्याने धोका टळतो, पण छोट्या धावपट्टीवर हाच हिशेब निर्णायक ठरतो.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत क्वचितच लिहिलेली असते. तिसरा टप्पा नैर्ऋत्येकडे जातो. हिवाळ्यात दुपारी तीननंतर हा टप्पा उडवला तर सूर्य नेमका समोर येतो आणि धुरकट हवेत उन्हाच्या दिशेने पाहताना दृश्यमानता अहवालातल्या आकड्यापेक्षा पुष्कळच कमी वाटते. म्हणून उलट मोजत जाऊन सकाळी साडेआठ-नऊपर्यंत निघावे.

चौथी पायरी : कागदपत्रे

फ्लाइट प्लॅन दाखल करून हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक आणि फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा एफआयसी क्रमांक घेणे, ज्या विमानतळांवर उतरायचे त्यांची पूर्वपरवानगी, आणि इन्स्ट्रक्टरने दिलेले लेखी अनुमोदन, एवढे नसेल तर विमान जागचे हलत नाही. प्लॅनमधील वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. सकाळी ८ म्हणजे ०२३०. साडेपाच तास वजा करण्याऐवजी मिळवणारे विद्यार्थी दर तुकडीत एखादा तरी निघतोच.

पाचवी पायरी : परत फिरण्याच्या अटी

हे काम उड्डाणाच्या आदल्या रात्री करायचे आणि ते स्वतःच्या हस्ताक्षरात करायचे. एका कार्डावर चार-पाच वाक्ये लिहा. माझ्या कार्डावर ती अशी होती : दृश्यमानता घसरून पुढची खूण दिसेनाशी झाली तर मागे फिरेन. ठरलेल्या मिनिटानंतर तीन मिनिटांत खूण सापडली नाही तर रेडिओवर सांगेन. ढगांचा तळ मला ठरलेल्या उंचीपेक्षा एक हजार फूट खाली ढकलू लागला तर मागे फिरेन. दुपारी दोननंतर शेवटच्या थांब्यावरून निघणार नाही, मुक्काम करीन. शेवटच्या वाक्यासाठी खिशात मुक्कामापुरते पैसे आणि पिशवीत कपड्यांचा एक जोड ठेवावा. ही सोय नसली की मन घरी पोहोचण्याची कारणे शोधू लागते, आणि लहान विमानांच्या अपघातांमागे घरी पोहोचण्याची ही ओढ पुन्हा पुन्हा सापडते.

उड्डाणाचा दिवस

सकाळी दोन्ही टाक्यांच्या तळातून थोडे इंधन काचेच्या नळीत काढून बघा. एव्हगॅस १००एलएलचा रंग निळा असतो आणि त्यात पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. टाक्यांची झाकणे स्वतःच्या हाताने घट्ट करा आणि वेगमापकाच्या पिटो नळीवरचे आवरण काढल्याची खात्री करा. पोटभर पण हलके खा, लघवीला जाऊन या, आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवा. काहीजण वाटेत लघवी लागेल या धास्तीने पाणीच पीत नाहीत आणि तिसऱ्या टप्प्यात डोके धरून बसतात.

इन्स्ट्रक्टरचे वजन नसल्यामुळे विमान तुमच्या सवयीपेक्षा लवकर जमीन सोडते आणि झपाट्याने चढते. ती पहिली दोन मिनिटे आनंदाची असतात. निघाल्याची वेळ मात्र त्या आनंदातही लिहायची आहे, कारण पुढचे सगळे हिशेब तिच्यावर उभे आहेत. उजनीच्या पाण्यावरून जाताना, विशेषतः भिगवणच्या बाजूला, उंची कमी ठेवू नका. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे आणि बदकांचे थवे असतात. ते बघायला जायचे असेल तर दुसऱ्या दिवशी होडीतून जावे.

समतल झाल्यावर नियम एकच : आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. या क्षणी नकाशावर मी कोठे असायला हवे हे घड्याळाला विचारायचे, तेथे काय दिसायला हवे हे नकाशाला विचारायचे आणि मगच खाली बघायचे. मी स्वतः दुसऱ्या टप्प्यात हा क्रम उलटा केला. अंबाजोगाईनंतर डावीकडे एक तलाव दिसला आणि माजलगावचे पाणी हेच असे मी ठरवून टाकले. माजलगाव माझ्या उजवीकडे पंधरा मैलांवर असायला हवे होते. पुढची दहा मिनिटे जे जे जुळत नव्हते ते ते मी जुळवून घेत होतो : रस्ता वळायला नको होता, पण कदाचित नवा झाला असेल, गाव लहान दिसते, पण कदाचित उंचीमुळे असेल. लक्षात आले ते गोदावरी लागल्यावर. मी रेघेपासून फारसा ढळलेलो नव्हतो, चुकला होता तो फक्त तलाव. पण स्वतःला पटवून देण्याचा माझा वेग पाहून मी चपापलो. इन्स्ट्रक्टर शेजारी असताना ही खोड दोन वर्षांत एकदाही दिसली नव्हती, कारण ते पहिल्याच मिनिटाला ‘नक्की?’ एवढेच विचारत असत. उरलेल्या प्रवासात तो प्रश्न मी मोठ्याने स्वतःलाच विचारत राहिलो.

रेघेपासून खरोखरच ढळला असाल तर साठास एक हा ठोकताळा वापरा. साठ मैलांत एक मैल सरकणे म्हणजे एक अंशाची चूक. तीस मैल गेल्यावर तीन मैल उजवीकडे असाल तर चूक सहा अंशांची. सहा अंश डावीकडे वळल्यास रेघेला समांतर जाल आणि बारा अंश वळल्यास पुढच्या तीस मैलांत रेघेवर परत याल.

वाट पूर्ण हरवली तर भटकू नका. शक्य असेल तर थोडे वर चढा म्हणजे दृष्टीही लांब जाते आणि रेडिओही, आणि ज्या टॉवरशी संपर्क आहे त्याला सरळ सांगा की मला माझी जागा कळत नाही. उत्तर मिळाले नाही तर १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या वारंवारतेवर बोला, आणि आणीबाणी असेल तर रडारला संकेत देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर ७७०० लावा. रेडिओच बंद पडला असेल तर ७६००. हरवल्याचे कबूल करायला नवखे जो वेळ लावतात तो टाकीतल्या इंधनातूनच वजा होत असतो.

नाथसागरावर पोहोचल्यावर एक मौज घडते. खाली पाणीच पाणी दिसू लागले की इंजिनाचा आवाज बदलल्यासारखा वाटतो. त्यात नवीन खरखर ऐकू येते. तेलाचा दाब, तापमान आणि फेऱ्यांचा काटा एकेक करून वाचा. कार्ब्युरेटर असलेले विमान असेल तर कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा, लावून बघा, कारण दमट हवेत बर्फ धरणे खरेच शक्य असते. सगळे जागच्या जागी असेल तर ती खरखर तुमची आहे, इंजिनाची नाही. पैलतीर आला की ती आपोआप थांबते.

थांब्यांवर घाई करू नये. विमान थांबवा, चाकांना अडसर लावा, आगमन कळवा, डिपस्टिक टाका, खा. मदत मागण्यात आणि देण्यात कमीपणा मानू नये. १९३० मध्ये आगाखान यांनी ठेवलेल्या बक्षिसासाठी इंग्लंड आणि भारत यांच्या दरम्यान एकट्याने उडणाऱ्यांत जे. आर. डी. टाटा आणि अस्पी इंजिनिअर हे दोघे होते. टाटा कराचीहून निघाले होते आणि इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमधील अबुकीर येथे स्पार्क प्लगअभावी अडकलेल्या इंजिनिअरांना टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग दिला आणि पुढे बक्षीस थोडक्यात इंजिनिअरांनी जिंकले. भारतात मिळालेला पहिला वैमानिक परवाना, १० फेब्रुवारी १९२९ चा, टाटांच्याच नावावर होता, तरी त्या स्पर्धेत ते हरले. आपल्या काळातले उदाहरण हवे असेल तर मुंबईच्या आरोही पंडित यांचे आहे. मे २०१९ मध्ये त्यांनी साइनस या अतिहलक्या विमानातून स्कॉटलंडमधील विकहून आइसलँड आणि ग्रीनलँडमार्गे कॅनडातील इकालुइटपर्यंत एकट्याने अटलांटिक ओलांडला. तो प्रवासही टप्प्याटप्प्यांनीच झाला.

उतरल्यानंतरचा एक तास

बारामतीला चाके टेकली की मित्र फोटो काढायला येतील. त्याआधी फ्लाइट प्लॅन बंद झाल्याची खात्री करा, विमान दोरांनी बांधा आणि डिपस्टिक शेवटची एकदा टाका. मग एका बाजूला बसून नॅव्हलॉगवर ठरलेल्या वेळांशेजारी प्रत्यक्ष वेळा लिहा आणि आदल्या रात्रीचे कार्ड बाहेर काढा. प्रत्येक अटीसमोर पाळली, मोडली किंवा वेळच आली नाही, यांपैकी एक शब्द लिहा, आणि मोडली असेल तर त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले होते तेही लिहा. माझ्या कार्डावर दुसऱ्या अटीसमोर अजूनही ‘मोडली’ असे आहे, आणि त्यापुढे : ‘कदाचित नकाशा जुना असेल.’